उतरणाऱ्याची पायरी

आमच्या गाडीच्या दारात उभं राहिलं की जमीन २७ इंच खाली असते. गाडी मूळची फोर्स ट्रॅव्हलर. आतल्या सीटा काढून दोन पलंग, ओटा, कपाटं बसवून घेतली, तेव्हा पाण्याच्या टाकीसाठी फरशी उचलावी लागली आणि दारातली मूळची खोलगट पायरी त्या फरशीखाली गेली. बाकी गाडी मनासारखी झाली. राहिली ती पायरी, आणि तिच्यावर मी जेवढा विचार केलाय तेवढा गाडीतल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर केलेला नाही. ओळखीतली आणखी काही घरं आता अशी गाडी करून घ्यायच्या विचारात आहेत. ती येऊन बॅटरी केवढी, एसी किती वेळ चालतो, हे विचारून जातात. मी त्यांना दाराशी थांबवते आणि पायरी दाखवते. तेच सगळं इथं सविस्तर लिहितेय.

आधी हे २७ इंच म्हणजे किती ते बघू. घरच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. राष्ट्रीय इमारत संहितेत घरच्या जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेसात इंच, आणि पाऊल ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच, सांगितली आहे. थोडक्यात, आमच्या दारातून जमिनीवर यायचं तर घरच्या चार पायऱ्या एका ढांगेत उतरायच्या. हे अजून टुणकन उडी मारतात. मी चौकट धरून, एक पाय लोंबकळत ठेवून, अंदाजानं उतरायची. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७८, दाराशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या.

“चढायचं काय न्हाई गे, उतरायचंच भ्या वाटतंय,” असं त्या म्हणाल्या. पायरी निवडताना धरून ठेवायची गोष्ट हीच, असं माझं ठाम मत झालंय. दुकानदार असो, मिस्त्री असो, नाहीतर व्हिडिओत पायरी दाखवणारे असोत, सगळे चढून दाखवतात. चढताना तोंड गाडीकडं असतं, पायरी डोळ्यांसमोर असते, हात दाराला पोचलेला असतो, आणि तोल गेलाच तर माणूस आत फरशीवर टेकतो. उतरताना सगळं वजन मागच्या वाकलेल्या गुडघ्यावर, पुढचा पाय हवेत, आणि पडलं तर थेट बाहेर दगडावर. आत्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. खाली बघितलं की नजर वाचायच्या भिंगातून जाते आणि पायापाशी असलेली पायरी धूसर होते. मान खाली घालून वरच्या भिंगातून बघायचं, हे त्यांना माहीत आहे. पण तसं करताना सगळं अंग पुढं झुकतं, आणि २७ इंचांवर उभं राहून पुढं झुकणं काय असतं ते ज्याच्या गुडघ्यांनी साथ सोडलीय त्यालाच विचारा.

त्यात लुगडं. आत्या इरकल नेसतात. चढताना निऱ्या पायाखाली येतात हे आपल्या सगळ्याजणींना माहीत आहे, म्हणून आपण त्या हातानं उचलून धरतो. उतरताना मात्र मागचा काठ वरच्या पायरीच्या कडेला अडकतो आणि ते कळतं पुढचं पाऊल पडल्यावर. इंटरनेटवर मी परदेशी कॅरव्हॅनच्या पायऱ्या भरपूर बघितल्या. चांगल्या भक्कम असतात, पण त्या बूट घातलेल्या पायांसाठी केलेल्या असतात. चिखल खाली गळून जावा म्हणून त्यांना जाळी असते, नाहीतर दातेरी भोकं. आपण चप्पल खाली सोडून अनवाणी चढतो. त्या जाळीत जोडवं अडकतं, भोकाच्या धारेनं टाच सोलते, आणि काठ अडकला तर ओढून फाटतोच.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर आम्ही दर वर्षी जातो. पूर्वी आमच्या घरचे बैलगाड्या जुंपून जायचे, डोंगरावर मुक्काम करायचे, तीन दगडांची चूल मांडायचे. आता पुरणपोळ्या गाडीतल्या ओट्यावर होतात, पण पडली, म्हणजे देवीच्या नैवेद्याची परडी, भरायची ती खाली, उघड्यावर, चार माणसांत. भरलेली पडली घेऊन आत्या गाडीतून उतरतात तेव्हा त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात. ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्या म्हटलं तर त्या देणार नाहीत, आणि द्यावी असं मलाही वाटत नाही. ‘दांडी धरून सावकाश उतरा’ हा सल्ला तिथं उपयोगाचा नाही. हात न लावता, पुढं बघत, घरचा जिना उतरल्यासारखं उतरता आलं पाहिजे. मोजमापाला मी सुरुवात केली ती इथून.

“एक प्लॅस्टिकचा स्टूल ठेवा की,” हा सल्ला आम्हाला सगळ्यांनी दिला. कृपा करून हे करू नका. स्टूल बसण्यासाठी असतो, मधोमध वजन येईल असा. उतरताना आपलं पाऊल स्टुलाच्या गाडीकडच्या कडेवर पडतं आणि पलीकडचे दोन पाय उचलले जातात. उन्हात ठेवलेलं प्लॅस्टिक काही वर्षांत ठिसूळ होतं आणि तडा जातो तो बिनआवाजाचा. दुकानात मिळणारी कॅरव्हॅनसाठीची प्लॅस्टिकची पायरी ह्याहून पुष्कळ बरी. तिचा तळ रुंद असतो, वर खवले असतात, हलकी असते. पण ती बहुतेक वेळा एकाच टप्प्याची, आठ-नऊ इंच उंच. आमच्या दारापाशी ती ठेवली तर वर अठरा इंच उरतात. डबल पायरी घेतली तरी तिची उंची ठरलेली, आपल्या गाडीची ठरलेली नाही. पाठीमागचं चाक उंचवट्यावर गेलं, टाकी भरली, माणसं आत बसली, की ती एक-दोन इंचांनी बदलते.

मग येते मोटरची पायरी. बटण दाबलं की फरशीखालून सरकत बाहेर येते, गाडी चालू केली की आपोआप आत जाते. १२ व्होल्टवर चालते, वजन २०० किलोपर्यंत घेते. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांच्याकडं आम्ही काम करून घेतलं त्या मिस्त्रींचाही पहिला कल तिकडंच होता. “अक्का, मोटर घाला की ओ. बटन दाबलं की पायरी आली.” मी तिच्या विरुद्ध नाही. शहरातून शहरात जाणाऱ्या, हॉटेलच्या अंगणात गाडी लावणाऱ्या माणसानं जरूर घ्यावी, आणि घेताना फ्यूज कुठं आहे, बॅटरी उतरली तर पायरी हातानं आत ढकलायची सोय आहे का, हे आधी बघावं. पण आमची गाडी जाते कुठं? जांबोटीहून पुढं कणकुंबीला, जिथं मलप्रभेचा उगम आहे आणि पाऊस मोजताना लोक दमतात. चोर्ला घाटात. उन्हाळ्यात हिडकल धरणाच्या काठाला, मातीच्या रस्त्यानं. फरशीखाली लटकणारी मोटर, तिचे दांडे आणि बिजागऱ्या ह्यांच्यावर मागच्या चाकाची सगळी तांबडी धूळ आणि चिखल उडतो. तो वाळला की सांधे धरतात. अर्ध्यात अडकलेली पायरी आत ढकलायला चिखलात आडवं व्हायचं कुणी? आणि बहुतेक मोटरच्या पायऱ्या एकाच टप्प्याच्या. २७ इंचांचं गणित एका टप्प्यात सुटत नाही.

आणखी एक तऱ्हा बघितली, वर दुमडून दाराच्या आत उभी राहणारी. बघायला फार नीटस, चिखलाचा प्रश्न नाही, खाली काही लोंबत नाही. पण गाडी चालू असताना ती दाराच्या आतल्या बाजूला आडवी असते. काही झालं आणि पटकन बाहेर पडायचं ठरलं तर आधी पायरी उलगडायची, मग बाहेर यायचं. मी ती एका मिनिटात नाकारली. आत म्हातारं माणूस असताना दाराची वाट अडवणारी कुठलीही वस्तू मला चालणार नाही.

आता जमिनीचं. आपल्याकडं तासाभराच्या प्रवासात जमीन बदलते. खानापूरच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती. एक सर पडली की वरचा थर साबणासारखा होतो. सौंदत्ती, गोकाक, अथणीकडं काळी माती. ती ओली असताना स्टुलाचा पाय तिच्यात बोटभर सहज उतरतो, एक पाय जास्त, एक कमी. वाळली की भेगाळते, आणि पायरीचा पाय नेमका भेगेत. डोंगरावर खडक आणि वर बारीक खडी. शिवाय आपलं दार डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेकडं. डांबर संपलं की साईडपट्टी खाली गेलेली असते; जांबोटी रस्त्याला काही ठिकाणी ती इतकी खचलीय की गाडी कडेला घेतली तर आमचे २७ इंच सहज ३२ होतात. गाडीला घट्ट जोडलेली पायरी घेतली तर हा जास्तीचा सगळा फरक शेवटच्या पावलाला येतो. म्हणजे वरच्या पायऱ्या सोप्या, आणि शेवटचं पाऊल खोल. जिन्यावर माणूस पुष्कळदा पडतो तो अशाच ठिकाणी: पायाला एका उंचीची सवय झालेली असते आणि एक पायरी वेगळी निघते. नुसती जमिनीवर ठेवायची पायरी घेतली, तर ती काळ्या मातीत कलते आणि गाडीपासून सरकते.

म्हणून आम्ही दोन्ही जोडले. २७ ला चारानं भागलं की पावणेसात येतात. तीन पायऱ्या आणि जमीन धरून चार पावलं, प्रत्येक पावणेसात इंचांचं. वरच्या दोन पायऱ्या गाडीला जोडलेल्या, त्यांचं आणि फरशीचं अंतर कधीच बदलत नाही. तिसरी सुटी, पाय कमीजास्त करता येणारा एक छोटा ओटा. जमीन जशी असेल तसा त्याचा पाय वरखाली करायचा, म्हणजे जमिनीचा जास्तीचा फरक शेवटच्या दोन पावलांत वाटला जातो आणि आत्यांच्या पायाला एकच पाऊल एकदम खोल लागत नाही. सगळी गोष्ट एवढीच आहे, पण ह्या पावणेसात इंचांवर मी मिस्त्रींशी भरपूर वाद घातला. त्यांना नऊ-नऊचे तीन टप्पे हवे होते, काम कमी. मी त्यांच्या कारखान्याच्या दाराशी विटा रचून आधी नऊ इंचांचे टप्पे केले, मग पावणेसातचे, आणि त्यांना म्हटलं, अण्णा, हातात भरलेली बादली घेऊन दोन्हींवरनं उतरून बघा. ते उतरले. मग त्यांनीच पट्टी काढून खुणा केल्या.

गाडीला जोडलेल्या दोन पायऱ्या ठेवायच्या कुठं, ह्याचं उत्तर मात्र त्यांचं, आणि त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे. फरशी उचलल्यामुळं दारातली जुनी खोलगट पायरी खाली तशीच बंद पडलेली होती. ती पोकळी त्यांनी खणासाठी वापरली. वरची पायरी खणासारखी सरकून बाहेर येते, तिच्या पोटाशी बिजागरीवर दुसरी दुमडलेली असते, ती खाली सोडायची. चिखल आत पोचत नाही, आणि गतिरोधकाला घासायला चासीखाली काही लोंबत नाही.

खणाच्या पायरीत एक धोका असतो आणि तो सगळ्यांनी समजून घ्यावा. उतरताना टाच मागं रेटते. पायरी बाहेर आल्यावर अडकलेली नसेल तर ती पायाखालून आत सरकते. त्यामुळं खटका दोन ठिकाणी हवा: आत असताना, म्हणजे वळणावर ती बाहेर फेकली जाणार नाही, आणि बाहेर असताना. आमच्याकडं दोन्हीकडं स्प्रिंगची पिन आहे. बाहेर ओढली की ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो आल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हे नातवंडांनाही पाठ आहे. दारातल्या दिव्याला असतो तसला स्विच आत लावून घेतलाय. पायरी बाहेर असताना चावी फिरवली तर ड्रायव्हरपाशी बझर वाजतो. मोटरच्या पायरीतली सगळ्यात कामाची गोष्ट ही होती, ती मोटर न घेताही घेता आली.

गाडीत असे बदल करताना मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ ध्यानात ठेवावं लागतं. नोंदणीच्या कागदात जे आहे त्याहून गाडी वेगळी करायची तर परवानगी लागते. कॅरव्हॅनचे कागद करतानाच आराखड्यात पायरी दाखवून घ्या, नंतर वेगळी धावपळ नको.

आता माल. गाडीला जोडलेला भाग लोखंडाचा, चौकोनी पाईपचा. तो उचलायचा नसतो आणि त्याला ताकद लागते. मोकळ्या टोकाला वजन येतं, त्यामुळं पाईप खणात किती आत राहतो हे बघा. आमचा बाहेर येतो त्याच्या दीडपट आत अडकलेला असतो. नुसतं माणसाचं वजन धरून भागत नाही. उतरणारा माणूस पायरीवर वजन टाकतो ते आदळून, हातात गॅसची टाकी किंवा पाण्याचा कॅन असतो, कधी नातवंड कडेवर असतं. दीडशे किलोचं लेबल असलेल्या पायरीवर ऐंशी किलोचा माणूस ओझं घेऊन उतरला की वर फारसं काही शिल्लक राहत नाही. आम्ही २०० किलो धरून करून घेतली आणि मिस्त्रींच्या दोन पोरांना खालच्या पायरीच्या टोकावर उभं करून बघितलं. पाईप वाकत नाही ना, आणि पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, गाडी किती कलते, हे दोन्ही तेव्हाच बघून घ्यायचं.

सुटा ओटा मात्र ॲल्युमिनियमचा. तो रोज काढायचा-ठेवायचा, आणि बहुतेक वेळा मी. ओटा दोन फूट लांब, सोळा इंच रुंद. चार मिलिमीटरची चेकर प्लेट लोखंडाची घेतली असती तर नुसता पत्राच आठ किलोच्या आसपास गेला असता. ॲल्युमिनियमचा तोच पत्रा पावणेतीन किलोत बसला. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, ते सगळ्यांकडं नसतं, पण उद्यमबागेत त्याची अडचण नाही. एक लक्षात ठेवा, लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथं एकमेकांना चिकटतात तिथं पावसाळ्यात ॲल्युमिनियम खातं, पांढरी भुकटी सुटते. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला आणि बोल्ट स्टेनलेसचे घ्या.

ओट्याचे पाय पाईपात पाईप असे आहेत, एक-एक इंचावर भोकं आणि आडवी पिन. चारही पाय वेगळे वरखाली होतात, त्यामुळं उतारावरही ओटा सपाट बसतो. पायाखाली चार इंची चौकोनी पट्ट्या मारल्यात. काळ्या ओल्या मातीत तेवढ्यानं भागत नाही, म्हणून दोन फळ्या गाडीत कायम असतात, एकेका बाजूच्या दोन-दोन पायांखाली एकेक. ओटा गाडीपासून सरकू नये म्हणून खालच्या पायरीला दोन आकडे आहेत, ते ओट्याच्या पट्टीत अडकतात. ही जोडणी ढिली ठेवायची, घट्ट नाही. गाडी पाट्यांवर हलते, ओटा जमिनीवर असतो, दोघांना जखडून ठेवलं तर आकडाच तुटतो.

ओटा एवढा मोठा का, हे बघायला आलेली माणसं विचारतात. चपलांसाठी. आपण चप्पल काढतो ती उंबऱ्याबाहेर, आणि गाडीला उंबरा नाही. नेहमीच्या अरुंद पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातली चप्पल काढताना मी शेजारच्या कितीतरी बायकांना हेलकावे खाताना बघितलंय. दोन फुटांच्या ओट्यावर दोन्ही पाय ठेवून नीट उभं राहता येतं, हवं तर दाराच्या कडेला पाठ टेकता येते. संध्याकाळी आत्या त्याच्यावरच बसतात, भाजी निवडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी कन्नड-मराठीत गप्पा मारतात.

पायरीच्या वरच्या थरासाठी मला सगळ्यात जास्त फिरावं लागलं. ॲल्युमिनियमची उघडी प्लेट एप्रिलच्या दुपारी अनवाणी पायाला भाजते, पाऊलच ठेवता येत नाही. जिन्यांना चिकटवतात ती खरखरीत काळी पट्टी बुटाला पकड देते, पण अनवाणी तळव्याला टोचते आणि इरकलीच्या काठाचे धागे ओढते. मी ओट्याच्या कोपऱ्यावर लावून, त्यावर जुन्या लुगड्याचा काठ फिरवून बघितला आणि लगेच काढून टाकली. काथ्याचं पायपुसणं पाणी धरून ठेवतं आणि सरकतं. शेवटी ऑटोनगरात ट्रकच्या केबिनमध्ये अंथरतात ती उभ्या रेघांची जाड रबरी मॅट मिळाली. रेघा आडव्या येतील अशी कापायची, म्हणजे पाऊल पुढं घसरत नाही. नुसती चिकटवू नका, कडेनं रिबिटाही मारा, आणि रिबिटाचं डोकं चपटं ठेवा. पायरीची पुढची कड गोल करून घेतली. कुठंही धार नाही, वर आलेला बोल्ट नाही. मी माझा तळहात सगळ्या कडांवरून फिरवला, खालूनसुद्धा, मगच पैसे दिले.

कडेला पिवळी पट्टी आहे, दोन बोटं रुंद. मोतीबिंदू झालेल्या किंवा दुहेरी भिंगातून बघणाऱ्या डोळ्याला पायरी कुठं संपते ते रंगाच्या फरकानंच कळतं. काळ्या रबरावर काळी कड असली तर तिन्ही पायऱ्या मिळून एक उतार दिसतो. रात्रीसाठी प्रत्येक पायरीच्या कडेखाली १२ व्होल्टची एलईडी पट्टी, तोंड खाली करून. दारावरचा मोठा दिवा ह्या कामाचा नाही. तो उतरणाऱ्याच्या पाठीमागं असतो आणि त्याची स्वतःचीच सावली पायरीवर पडते.

आणि दांडी. पडलीच्या वेळी हात मोकळे नसले तरी बाकी वेळी असतात, त्यामुळं दांडी हवीच. आपल्या लाल बसची पहिली पायरी किती उंच असते बघा, तरी म्हाताऱ्या बायका दाराची दांडी धरून चढतातच. आम्ही दाराच्या दोन्ही अंगांना सव्वा इंची स्टेनलेस पाईपच्या उभ्या दांड्या लावल्या. याहून जाड पाईप घेतला तर आत्यांची मूठ मिटत नाही. दांडी लांब हवी, कारण खालच्या पायरीवर पोचल्यावर वरची दांडी खांद्यापर्यंत जाते. आमची फरशीच्या खाली वीतभर उतरते. पत्र्यावर स्क्रूनं कधीच लावू नका. आतल्या लोखंडी सांगाड्यातून आरपार बोल्ट आणि मागं पट्टी. पत्रा एक दिवस फाटतो आणि तो फाटतो अख्खा माणूस लोंबकळलेला असताना.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी फिजिओथेरपीत सांगतात ते आमच्याकडं सगळे पाळतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आत्यांचा उजवा गुडघा जास्त दुखतो, तो आधी खाली जातो तेव्हा सगळं वजन डाव्या पायावर आणि डाव्या हातावर असतं, म्हणून डावीकडची दांडी मी दारापासून जरा पुढं काढून घेतली. तुमच्या घरी डावा गुडघा दुखत असेल तर उलटं करा. मिस्त्रीकडं जाताना त्या माणसाला बरोबर न्या, विटांवर उभं करा, हात सहज कुठं जातो ते बघून तिथं खडूनं खूण करा.

सगळा खर्च मजुरीसकट बारा हजारांच्या आत झाला. देखभाल थोडीच: घाटातून आल्यावर खणातली धूळ ब्रशनं काढायची, पाण्याच्या फवाऱ्यानं नाही, आणि बिजागऱ्यांना सिलिकॉनचा फवारा मारायचा. ग्रीस लावू नका, आपल्या तांबड्या धुळीत ते दोन दिवसांत पॉलिश पेपर होतं. ओट्याच्या पिना साखळीनं पायाला बांधून घ्या. आमच्या दोन पिना हिडकलच्या काठाला गवतात गेल्या त्या गेल्याच, तेव्हापासून चार जास्तीच्या पिना ड्रायव्हरच्या खणात असतात.